जेवणाच्या वेळेला येणारे डॉक्टर

पेशंट आत आला की जगभरचे डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आमचे सर विचारायचे, "शेवटचं कधी जेवलात?"

उमरग्यात हायवेला लागून त्यांचा दवाखाना होता. सीमेपलीकडून आलेल्या आजीला ते कानडीत "ऊट आयता?" विचारायचे, हैदराबादकडं निघालेल्या ट्रक ड्रायव्हरला "खाना खाये क्या भाई?" आणि आपल्या माणसांना मराठीत. प्रश्न मात्र एकच. एकदा पायात काच घुसलेला गडी फरशीवर रक्त गाळत उभा होता आणि सर त्याला शांतपणे विचारत होते की सकाळी भाकरीबरोबर काय होतं. तो बिचारा कळवळून ओरडला, "डॉक्टर, काच पायात गेलीय, पोटात न्हाय!" सरांना याचं काहीही वाटलं नाही. काच काढली, टाके घातले, आणि जाताना टेबलावरच्या बरणीतले गूळ-शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

एमबीबीएस होऊन, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता चार पैसे आणि चार गोष्टी गाठीला बांधाव्यात म्हणून मी तामलवाडीहून त्यांच्याकडं नोकरीला गेले होते. मला सगळं पाठ होतं. सरांनी काही विचारलं की मी पानासकट उत्तर द्यायची. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'पुस्तक' ठेवलं आणि मी नोकरी सोडेपर्यंत तेच चाललं. "ए पुस्तक, इकडं ये," अशी हाक ऐकून बाहेर बसलेले पेशंट मान वळवायचे, आणि आतून मी निघालेली बघून त्यांना हसू आवरत नसे.

त्यांची दुसरी खोड यापेक्षा अवघड. ते न सांगता, न बोलावता, ऐन जेवणाच्या वेळेला पेशंटच्या घरी जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं असं, की तपासणीच्या टेबलावर माणूस खोटं वागतो, ताटावर खरं. बायको वारल्यापासून बिचाऱ्या डॉक्टरांच्या पोटाचे हाल आहेत, अशी गावाची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात त्यांच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या हाताला अशी चव होती की मीच डबा आणायचं बंद केलं होतं. पण लोक ऐकतात थोडंच? ते सरांना आग्रह करकरून वाढायचे, आणि सर चार घास खात यजमानाच्या ताटाकडं टक लावून बघत राहायचे.

एका व्यापाऱ्याची साखर काही केल्या उतरेना. त्याची सासू दवाखान्यात येऊन डोळ्याला पदर लावायची, "जावई काहीच खाईनात हो." सर दुपारी त्यांच्या पंगतीला जाऊन बसले. संध्याकाळी परत आले ते खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "पुस्तक, पुरणपोळ्या मोजायचं मी मधेच सोडून दिलं. सासू वाढते, जावई नको नको म्हणतो आणि खातो. दोघांनाही वाटतं, आपण खरंच बोलतोय."

सरांना हृदयाबद्दल फारसा आदर नव्हता. "ते मिरवणुकीतला ढोल आहे, सगळ्यांना ऐकू येतं," म्हणायचे. त्यांचा सगळा जीव स्वादुपिंडावर. एकदा मला विचारलं, "स्वादुपिंड कुठं असतं?" मी मणक्यांच्या क्रमांकासकट सांगितलं. ते मान हलवत राहिले. "ते सगळ्यांच्या मागं असतं. घरातल्या धाकट्या सुनेसारखं. पचनाचं बघायचं तिनं, साखरेचं बघायचं तिनं, आणि पाहुण्यांना तिचं नावही माहीत नाही. ती बिघडली की मग घर म्हणतं, अरेच्चा, ही पण होती का इथं!" त्यांचं हे बोलणं मला तेव्हा फार पोरकट वाटायचं. परीक्षेत मात्र त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

तर आता आक्का.

आक्का माकणीच्या. चाळिशीच्या आतबाहेर वय, शांत चेहरा, आणि दोन वर्षांत अंगानं चांगल्याच भरलेल्या. गुडघे दुखतात म्हणून सासूबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आत्ताच, गाडीत," आक्का म्हणाल्या.

"त्याच्या आधी?"

"घरनं निघताना."

"त्याच्या आधी?"

आक्का लाजल्या. सासूबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, "दर दोन घंट्याला खायलीय, डॉक्टर. रात्रीबी उशाला बिस्किटं लागत्यात. गुडघं दुखंना तर काय व्हईल?"

"आणि नाही खाल्लं तर?"

"हात कापत्यात," आक्का हळूच म्हणाल्या. "घाम सुटतो. डोळ्यापुढं धुकं येतंय. मग कळंना काय व्हतंय ते."

सरांनी पेन खाली ठेवलं. "उपास धरता का?"

सासूबाईंचा सूर एकदम बदलला. "मंगळवार धरती की. सोमवारी रातीपासनं तोंडात काय बी घालत न्हाय. मंगळवारी अंगात वारं येतंय तिच्या. देवी येती. सारा गाव येतोय इचारायला."

"कधी येते?"

"सकाळच्याला. देवपूजा व्हायच्या टायमाला."

"आणि जाते कशी?"

"पेढ्याचा परसाद तोंडात घातला की जाती. कुंथलगिरीचा पेढा लई आवडतोय देवीला."

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं. त्यांनी सासूबाईंना हात जोडले आणि म्हणाले, "मंगळवारी मी दर्शनाला येतो."

माकणीच्या त्या अंगणात मंगळवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आक्का पाटावर बसल्या होत्या, केस सुटलेले, कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं, नजर कुठंतरी लांब. एरवी "ए" म्हणून हाक मारणाऱ्या सासूबाई "आई, आई" करत त्यांच्या पायावर पाणी घालत होत्या. एकजण विचारत होता, "आई, माझी म्हस कुठंय?" आक्का अडखळत म्हणाल्या, "पाण्याकडं... पाण्याकडं..." धरणाच्या काठच्या गावात सुटलेली म्हैस पाण्याकडं असणार हे सांगायला देवी कशाला हवी, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तो माणूस मात्र नमस्कार करून पळत सुटला, आणि दुपारी म्हैस सापडली असं नंतर कळलं.

सर बूट काढून पुढं गेले. सासूबाईंना म्हणाले, "देवीच्या बोटातला एक थेंब घेऊ द्या, आणि मग कुंकू लावू द्या." आधी स्पिरिटचा बोळा, मग थेंब, मग कुंकू. मशीनवरचा आकडा त्यांनी हळूच माझ्याकडं वळवला. तिसाच्या जेमतेम वर. एवढ्या साखरेवर माणूस बसूच कसा शकतो हा मला प्रश्न पडला.

मग पेढा आला. आक्कांनी तो चघळला, दुसरा चघळला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे चोळले, भोवताली बघितलं, पदर सावरला आणि सासूबाईंना विचारलं, "दूध उतू गेलं का वो?" देवी गेली होती. सरांनी पुन्हा थेंब घेतला, साखर वर आली होती.

परतताना त्यांनी कॅनॉलजवळ गाडी थांबवली, खाली उतरले आणि भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. "पुस्तक! उपाशीपोटी चळ, त्याच वेळी रक्तात साखर नाही, आणि साखर दिली की माणूस ताळ्यावर! तिन्ही गोष्टी एका पाटावर! सांग, काय आहे?"

"इन्सुलिनोमा," मी म्हणाले. स्वादुपिंडात एक बारकी गाठ होते आणि ती वेळकाळ न बघता इन्सुलिन ओतत राहते. पोटात अन्न असो वा नसो, रक्तातली साखर खाली. इतकी दुर्मीळ गोष्ट, की मी तिच्यावरचं एकच पान वाचलं होतं, तेही परीक्षेत येणार नाही म्हणून भरभर. "पण सर, घरात कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या चुकून..."

"चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात कशाला गेलो होतो मग? फडताळातले सगळे डबे बघून आलो. एक गोळी नाही."

आता सिद्ध करायचं होतं. त्यासाठी पेशंटला दवाखान्यात ठेवून, डोळ्यांसमोर, मुद्दाम उपाशी ठेवावं लागतं, आणि साखर उतरली की त्या क्षणाचं रक्त घ्यावं लागतं. आल्यागेल्याला गूळ चारणाऱ्या माणसावर ही पाळी! सरांनी जाहीर केलं, "पेशंट उपाशी आणि डॉक्टर जेवलेला, हे मला गिळवणार नाही." आणि तेही उपाशी बसले. दुपारपर्यंत ते नर्सवर ओरडले, माझ्यावर ओरडले, मग पंख्यावर ओरडले. आक्का पलंगावरून त्यांची समजूत घालत होत्या, "पयल्यांदा उपास धरला की असंच व्हतंय, सायेब. जरा पाणी प्या. पडून राहा." सर मुकाट्यानं शेजारच्या पलंगावर आडवे झाले.

त्याच रात्री वारं आलं, आणि आम्ही रक्त घेतलं. आक्कांना शिरेतून ग्लुकोज, सरांना मावशींची खिचडी. कोण आधी ताळ्यावर आलं ते मी सांगत नाही.

रक्ताचा रिपोर्ट सोलापूरहून आला. जेव्हा इन्सुलिन जवळपास नसायलाच हवं होतं, तेव्हा ते भरपूर होतं. स्कॅनचा रिपोर्ट मात्र आला, 'स्वादुपिंड निर्दोष'. मी खट्टू झाले. सर म्हणाले, "सून ओसरीवर दिसली नाही म्हणजे घरात नाही असं नसतं. आत जाऊन बघू." आत जाऊन म्हणजे हैदराबादला. तिथं तोंडावाटे दुर्बीण घालून, जठराच्या आतून सोनोग्राफी केली, आणि स्वादुपिंडाच्या अगदी शेपटाला हरभऱ्याएवढी गाठ सापडली. गाठ साधी दिसत होती, काढली की विषय संपणार होता.

आणि आक्का नाही म्हणाल्या.

"गाठ काढली की देवी यायची न्हाय?" त्यांनी विचारलं.

सर खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पण ते म्हणाले, "नाही येणार."

"मग न्हाय काढायची."

नवरा खाली मान घालून बसला. सासूबाईंनी "देवीला घालवायची म्हंजी काय!" म्हणून पदर डोक्यावर घेतला. उपास सोडा म्हणावं, तर आता उपासाचीही गरज उरली नव्हती. बुधवारी, शुक्रवारी, जेवणाला जरा उशीर झाला तरी आक्का भिरभिरायला लागल्या होत्या. एकदा पेटत्या चुलीसमोर कोसळल्या, नशीब की नवरा दारात होता. पुढं एखाद्या दिवशी साखर तोंडात पडायला उशीर झाला, तर आक्का उठणारच नव्हत्या. हे सरांनी हरतऱ्हेनं सांगून बघितलं, पण उपयोग झाला नाही.

तेव्हा सरांच्या डोक्यात ती अचाट कल्पना आली. ते म्हणाले, "देवीलाच विचारू."

मी हादरले. "सर, साखर उतरलेल्या माणसाची संमती चालत नाही!"

"मी पेशंटची कुठं घेतोय? देवीची घेतोय."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"कशाला नाही म्हणेल? आई आहे ती." एवढ्या हुशार माणसाला असं काही सुचावं याचा मला आजही अचंबा वाटतो.

मंगळवारी भरल्या अंगणात मी आक्कांच्या बोटातला थेंब घेतला, आणि सर पाटासमोर गुडघ्यावर बसले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, तुझ्या लेकराच्या पोटात गाठ आहे. काढू का?"

आक्का डुलल्या. आजवर देवी नेहमी अर्धवट, तुटक बोलायची. त्या दिवशी पहिल्यांदाच ती खणखणीत बोलली.

"न्हाय!"

गावानं एका सुरात जयजयकार केला. सासूबाईंनी पेढा भरवला, ओटी भरली. सर गुडघ्यावरून उठताना मला हात द्यावा लागला.

गाडीत मी बराच वेळ कळ काढली आणि मग राहवलं नाही. "मी सांगितलं होतं, सर."

"गप्प बस, पुस्तक." मग थोड्या वेळानं, "साखर किती होती?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीसला मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं," ते म्हणाले. त्यांना इतकं खचलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा माकणीला निघाले. मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटं सोडायची आता मला भीती वाटत होती. घरात जेवणं चालली होती. आम्हाला ताटं मिळाली. आक्कांची भाकरी खाऊन झाली, हात धुऊन झाले, तेव्हा सर म्हणाले, "आक्का, काल मी चुकीच्या जागी विचारलं. गाठ तुमच्या पोटात आहे. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. काय करायचं?"

आक्कांनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "मला आजवर कुणी काय इचारलं न्हाय, सायेब. लगीन ठरलं तवाबी न्हाय. घर बांधलं, रान घेतलं, तवाबी न्हाय. आता मंगळवारी सारं गाव इचारतंय. पर मी तवा हितं नसतीच की. कुणी काय इचारलं, मी काय बोलले, पाया कोण पडलं, मला काय बी ठाव न्हाय. लोक नंतर सांगत्यात." त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही इचारलं तर खरं सांगते. मला लई भ्या वाटतंय. मला मरायचं न्हाय."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पर काल देवी न्हाय म्हणली ना?"

"आत्याबाई," आक्का म्हणाल्या, "देवीला यायला घर लागतंय का न्हाय? हे घरच पडलं, तर यायची कुठं?"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं. मग नाक ओढत म्हणाल्या, "जा मग. म्हशीचं मी बघते."

निघताना आक्का दारापर्यंत आल्या आणि सरांना हळूच म्हणाल्या, "करा ऑपरेशन. पर मंग मला कोण इचारंल वो?" सरांनी चप्पल समजून माझी सँडल पायात घालायचा प्रयत्न केला आणि आम्ही निघालो.

ऑपरेशन हैदराबादला झालं, बारक्या छिद्रांतून. सर्जनचा फोन आला तेव्हा सर ओपीडीत होते. गाठ निघाली, आणि ती निघाल्यावर थोड्याच वेळात, काही न देता, आक्कांची साखर आपोआप चढली. सरांनी फोन ठेवला, खोकल्याच्या पेशंटला कडकडून मिठी मारली, आणि मग त्याची छाती तपासायचं विसरून त्याला तसाच घरी पाठवला.

आक्का घरी आल्यानंतरच्या मंगळवारी आम्ही टाके बघायला माकणीला गेलो. लोक सवयीनं आले होते. आक्का सवयीनंच पाटावर बसल्या होत्या, पण केस नीट बांधलेले, कपाळावरचं कुंकू जागच्या जागी. सकाळची वेळ गेली. ऊन अंगणात आलं. वारं काही आलं नाही. कुणी खोकलं. एक बाई उठली, पदर झटकून निघून गेली. मग तिच्या मागं दोघं. आक्का मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आपण हिचा जीव वाचवला आणि हिच्याकडचं होतं नव्हतं ते घेऊन टाकलं, असं मला वाटलं.

सर उठले आणि पाटासमोर जाऊन मांडी घालून बसले.

"आक्का," ते म्हणाले, "मला एक विचारायचंय."

आक्कांनी दचकून वर बघितलं. उठलेली माणसं होती तिथं थांबली.

"माझा मुलगा पुण्याला असतो. दवाखाना बंद करा आणि इकडं या, म्हणून मागं लागलाय. मला काही ठरवता येईना झालंय." सरांचा आवाज चाचरताना मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं होतं की आक्कांसाठी ते सोंग करतायत. ते सोंग नव्हतं. "जाऊ का?"

"तिकडं काय करणार तुम्ही?" आक्कांनी विचारलं.

"नातू आहे. त्याच्याशी खेळणार."

"अन् तो शाळंला गेल्यावर?"

आक्कांनी जरा वेळ विचार केला. सगळं अंगण त्यांना विचार करताना बघत होतं.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. "नातवाला सुट्टीत हिकडं बोलवा. पवायला शिकवू त्याला."

सरांनी तिथंच खिशातून फोन काढला आणि लावला. "हां, अरे, मी काय म्हणतो, माझं नाही जमायचं तिकडं... हो, विचारलं ना मी... कुणाला म्हणजे? इथं एक आक्का आहेत, त्यांना... छे छे, चांगल्या शुद्धीत आहेत!"

ते फोनवर बोलतच होते, तेवढ्यात मागं उभा असलेला एक म्हातारा गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि सरांच्या शेजारी टेकला.

"आक्का," तो म्हणाला, "ते माझ्या बोअरचं मागं इचारलं व्हतं..."

आक्का पाटावरून थोड्या पुढं सरकल्या.

"मला काय बी ठाव न्हाय त्यातलं," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं सांगा."